तळ्याकाठचा सूर्यास्त: रंकाळ्याच्या आधाराने नवशिक्या छायाचित्रकारांसाठी

छायाचित्रणाची हौस नव्याने लागलेल्या माणसाला सूर्यास्त म्हटले की समुद्रकिनारा किंवा घाटमाथा आठवतो. परंतु शिकण्यासाठी घरापासून चालत किंवा दुचाकीवरून गाठता येईल असे गावातले तळे त्याहून अधिक उपयोगी पडते. समुद्रावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागते आणि खाऱ्या तुषारांपासून काच जपावी लागते, तर घाटमाथ्यावर वर्षातून दोन-तीनदाच जाणे होते. तळ्यावर मात्र आठवड्यातून दोन संध्याकाळी सहज जाता येते, पाणी बहुधा शांत असते, आणि एकच चौकट वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या ढगांखाली पाहायला मिळते. या लेखात कोल्हापूरचा रंकाळा उदाहरणादाखल घेतला आहे. ठाण्याचे उपवन, महाबळेश्वरचे वेण्णा किंवा पवना धरणाचा जलाशय यांपैकी काहीही जवळ असले, तरी येथे सांगितलेले बहुतेक सारे तेथेही लागू पडेल.

सुरुवातीलाच एक मत मांडून ठेवतो, कारण पुढची सारी मांडणी त्यावर उभी आहे. नवशिक्यांच्या सूर्यास्ताच्या चित्रांत सूर्याला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो आणि काठाला फारच कमी. बिंब पाण्याला टेकले की लोक फोटो काढतात आणि ते बुडाले की कॅमेरा पिशवीत टाकून भेळेच्या गाडीकडे वळतात. पाहण्यासारखी चित्रे बहुधा त्यानंतरच्या अर्ध्या तासात मिळतात, आणि तीही अशांनाच, ज्यांनी त्या काठाची ओळख आधी करून घेतलेली असते.

आधी काठ पाहून घ्यावा

पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवला तरी चालेल. दुपारी चारच्या सुमारास तळ्याला एक फेरी मारावी आणि मावळतीच्या बाजूला तोंड करून कोठे उभे राहता येते ते पाहावे. सूर्य पश्चिमेला मावळतो, म्हणून पाण्यावरून सूर्यास्त पाहायचा तर आपण पूर्वेच्या काठावर असले पाहिजे, ही गोष्ट सांगण्याचीही गरज नसावी. तरीही अनेक जण केवळ गाडी लावायची सोय आहे म्हणून भलत्याच काठावर उभे राहिलेले दिसतात. रंकाळ्याच्या बाबतीत शिवाजी पेठेच्या अंगाचा, म्हणजे रंकाळा टॉवर आणि संध्यामठाकडचा काठ यासाठी सोयीचा आहे. तेथून समोर पाण्याचा मोठा विस्तार येतो, आणि उजव्या अंगाला पलीकडच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि भोवतीची झाडी दिसते.

या फेरीत तीन प्रश्नांची उत्तरे वहीत टिपून घ्यावीत. जवळ काय आहे, म्हणजे पायऱ्या, दगडी कठडा, पाण्यात वाकलेली फांदी किंवा बांधून ठेवलेली होडी यांपैकी चित्राच्या खालच्या भागात काय घेता येईल? मध्ये काय आहे? आणि मागे, क्षितिजावर, कोणता आकार आहे? या तिन्ही जागा भरल्याशिवाय तळ्याचे चित्र पोकळ वाटते. रंकाळ्यावर मधली जागा भरण्याचे काम संध्यामठ फार चांगले करतो. या दगडी मंडपाचा किती भाग उघडा दिसेल हे पाण्याच्या पातळीवर ठरते. तळे भरले की तो बऱ्याच अंशी पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की खांबांसह वर येतो. म्हणून त्याच्याभोवती चित्र रचायचे असेल तर फेब्रुवारी ते मे हा काळ धरावा, आणि पावसाळ्यानंतरच्या भरलेल्या तळ्यासाठी वेगळी चौकट शोधावी.

क्षितिज किती उंच आहे हेही याच फेरीत मोजावे. हात पूर्ण लांब करून बोट आडवे धरले की ते आकाशाचा सुमारे दोन अंश भाग झाकते. आपल्या अक्षांशावर सूर्याला दोन अंश उतरायला साधारण आठ-नऊ मिनिटे लागतात. समोरची झाडी किंवा टेकडी पाण्याच्या पलीकडच्या कडेपासून दोन बोटे उंच असेल, तर सूर्य दिनदर्शिकेत छापलेल्या सूर्यास्ताच्या वेळेच्या पंधरा-सतरा मिनिटे आधीच दिसेनासा होणार हे गृहीत धरावे. उपवनला पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत, तेथे हा हिशेब फारच महत्त्वाचा ठरतो. वेळ पाहून निघालेला माणूस पोचतो तेव्हा बिंब डोंगराआड गेलेले असते.

सूर्य कोठे आणि केव्हा मावळणार

सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी. कोल्हापूरच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पश्चिमेपासून सुमारे साडेचोवीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. दोन्ही टोकांमधले अंतर ४९ अंशांचे झाले, आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत आडवे साधारण ७० अंश मावतात हे लक्षात घेतले, तर वर्षभरात सूर्य चौकटीच्या सुमारे दोन तृतीयांश रुंदीत फिरतो असे म्हणता येईल. रंकाळा टॉवरकडून पाहणाऱ्याला तो उन्हाळ्यात उजवीकडे, पॅलेसच्या दिशेने सरकताना दिसतो आणि हिवाळ्यात डावीकडे. हे सरकणे एकसारखे नसते. विषुवदिनांच्या आसपास मावळतीचा बिंदू रोज जवळपास बिंबाच्या रुंदीएवढा पुढे जातो, तर जून आणि डिसेंबरच्या अखेरीस तो आठवडाभर जागचा हललेला जाणवत नाही. एखाद्या मनोऱ्यामागे किंवा झाडामागे सूर्य हवा असेल, तर मार्च-सप्टेंबरमध्ये दोन-तीन संध्याकाळीच ती संधी मिळते हे ध्यानात ठेवून आखणी करावी. सनकॅल्कसारख्या मोफत संकेतस्थळावर नकाशावर आपली उभे राहण्याची जागा आणि तारीख दिली की मावळतीची रेषा काढून मिळते.

वेळेच्या बाबतीत, कोल्हापुरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सर्वांत लवकर, सहाच्या सुमारास होतो, आणि जूनची अखेर ते जुलैच्या सुरुवातीला सर्वांत उशिरा, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ छापलेली असेल, तर हिवाळ्यात फारसा फरक पडत नाही, पण जूनमध्ये कोल्हापूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे दहा मिनिटे आधी मावळतो.

काठावर सूर्यास्ताच्या किमान पाऊण तास आधी पोचावे आणि नंतर अर्धा तास थांबावे. आपल्याकडे सूर्य क्षितिजाला बराच उभा उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार काळ रेंगाळत नाही. बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटे जातात, आणि त्यानंतर बावीस ते चोवीस मिनिटांत सूर्य क्षितिजाच्या सहा अंश खाली जाऊन नागरी संधिप्रकाश संपतो. युरोपातल्या छायाचित्रकारांचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची येथे गफलत होते, कारण तेथे हाच प्रकाश पुष्कळ जास्त वेळ टिकतो. आणखी एक बारकावा असा की सूर्य सरळ खाली न येता थोडा उजवीकडे सरकत उतरतो. दहा अंश खाली येताना तो सुमारे तीन अंश उजवीकडे जातो, म्हणून अर्धा तास आधी चौकट ठरवताना उजव्या बाजूला जागा सोडावी.

ढग, धूर आणि ऋतू

निरभ्र आकाशातला सूर्यास्त देखणा असतो, पण चित्रात तो लवकर कंटाळवाणा होतो. रंग उमटायला पडदा लागतो आणि तो पडदा म्हणजे ढग. त्यातही उंचावरचे विरळ, पिंजलेले ढग सर्वांत चांगले. मावळत्या सूर्याचे किरण वातावरणाचा लांब पट्टा पार करून येतात, वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, आणि उरलेला तांबूस प्रकाश ढगांच्या खालच्या अंगावर पडतो. ढग जितका उंच तितका वेळ तो उजळलेला राहतो. डोक्यावर आठ किलोमीटर उंचीवर असलेल्या ढगाला सूर्यास्तानंतर सुमारे बारा मिनिटांपर्यंत थेट ऊन मिळत राहते, तर दीड किलोमीटर उंचीवरचा ढग पाचएक मिनिटांतच राखाडी होतो. पश्चिमेच्या बाजूचे ढग याहूनही थोडा जास्त वेळ रंग धरून राहतात.

यातूनच अंदाज बांधण्याची एक उपयोगी रीत निघते. त्या उंच ढगाला शेवटी लागणारे किरण पश्चिमेकडे सुमारे ३२० किलोमीटरवर पृथ्वीच्या पृष्ठभागाला चाटून आलेले असतात. कोल्हापूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर आहे. म्हणजे रंकाळ्यावरचे आकाश पेटणार की नाही, हे अरबी समुद्रावर काय चालले आहे यावर ठरते. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उपग्रहाची ताजी चित्रे मोफत पाहायला मिळतात. दुपारी चारच्या चित्रात आपल्या डोक्यावर तुरळक ढग आणि किनाऱ्यापलीकडे मोकळा समुद्र दिसला तर सारी कामे बाजूला ठेवून निघावे. समुद्रावर जाड पट्टा दिसला, तर डोक्यावरचे आकाश कितीही आशादायक असले तरी रंग उमटण्याची शक्यता कमी असते.

ऋतूंचे म्हणाल तर परतीच्या पावसाचा काळ, म्हणजे सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर, मला सर्वांत आवडतो. हवा धुतलेली असते, तळे भरलेले असते आणि ढग फुटलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग संध्याकाळी उभे राहतात आणि त्यांच्या कडांवरचे ऊन विलक्षण दिसते, मात्र वीज कडाडू लागली की धातूचा ट्रायपॉड घेऊन उघड्या काठावर थांबू नये. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यास्ताची आशा धरूच नये. त्या दिवसांत पावसातला काठ, छत्र्या आणि ओले दगड हा वेगळा विषय आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस तुटलेल्या शेतांत पाचट पेटवले जाते, थंडीमुळे धूर जमिनीलगत साचतो, आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकट थरात शिरून तांबडाभडक, पण डोळ्यांना न खुपणारा गोळा होतो. श्वासाला वाईट असलेली ही हवा बिंबाच्या चित्राला मात्र सोयीची असते, आणि टेलिफोटो, म्हणजे दूरची वस्तू मोठी दाखवणारे लांब भिंग वापरायचे असेल तर याच दिवसांत वापरावे.

साहित्य

सुरुवातीला हाती असलेला कोणताही कॅमेरा पुरेसा आहे. त्याच्याबरोबर येणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग तळ्याच्या कामाला उत्तम. पहिला खर्च करायचा तो ट्रायपॉडवर, आणि तोही फार हलका घेऊ नये, कारण तळ्यावर संध्याकाळी वाऱ्याची झुळूक येतेच. मधला दांडा वर न उचलता वापरता येईल असाच ट्रायपॉड पाहावा. दुसरी वस्तू म्हणजे भिंग पुसायचे स्वच्छ फडके. सूर्य समोर असताना काचेवरचा बोटाचा एक ठसा साऱ्या चित्रावर पांढुरकी झाक आणतो. तिसरी, कपाळावर बांधायचा छोटा दिवा, परतताना पायऱ्या दिसाव्यात म्हणून. डास चावू नयेत म्हणून काही लावून जावे. भिंगापुढे लावायच्या काचांचा, म्हणजे फिल्टरांचा विचार चार-सहा महिन्यांनी करावा.

सूर्य समोर असताना आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीतून, विशेषतः लांब भिंग लावून, कधीही पाहू नये. भिंग सूर्यप्रकाश एकवटून थेट डोळ्यात सोडते आणि दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. मागच्या पडद्यावरच चौकट जुळवावी आणि लांब भिंग विनाकारण सूर्यावर रोखून ठेवू नये, कारण कॅमेऱ्याच्या आतल्या भागांनाही त्याचा त्रास होतो.

काठावर पोचल्यावर

प्रथम ट्रायपॉड लावून क्षितिज सरळ करावे. येथे तळ्याची एक खोड आहे. समुद्राचे क्षितिज खरोखर आडवे असते, पण तळ्याचा पलीकडचा काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर तो चित्रात कललेलाच दिसणार, आणि त्याला जबरदस्तीने आडवा केला तर सारे चित्र वाकडे होते. खात्रीची खूण म्हणजे प्रतिबिंब. दिव्याचा खांब, मनोरा किंवा झाडाचे टोक आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत आले की कॅमेरा सरळ आहे असे समजावे.

त्यानंतर चौकट. क्षितिज बरोबर मध्यावर ठेवू नये असे प्रत्येक पुस्तक सांगते, पण पाणी आरशासारखे स्थिर असेल आणि प्रतिबिंब हाच विषय असेल तर मध्यावर ठेवायला काहीही हरकत नाही. एरवी आकाशात काही घडत असेल तर दोन तृतीयांश जागा आकाशाला द्यावी, आणि आकाश रिकामे असेल तर ती पाण्याला आणि काठाला द्यावी. पुढच्या बाजूची वस्तू उन्हाच्या विरुद्ध काळ्या आकारात दिसणार आहे हे लक्षात ठेवून तिची बाह्यरेषा पाहावी. संध्यामठाच्या खांबांच्या मधून आकाश दिसेल अशा कोनातून चित्र घेतले तर तो मंडप वाटतो. दोन पावले बाजूला सरकून खांब एकमेकांवर आले की तोच एक काळा ठोकळा होतो. होडी, सायकल आणि कठड्यावर बसलेली माणसे यांनाही हाच नियम लागू आहे. काळ्या आकारांमध्ये फट दिसली पाहिजे.

फोकससाठी साधा हिशेब पुरतो. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडा, एपीएस-सी या मध्यम आकाराचा असेल, भिंग १८ मिलिमीटरवर आणि अ‍ॅपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफपुढचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ वर असेल, तर दोन मीटरवर फोकस केले असता एक मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. दोन मीटर म्हणजे ढोबळमानाने आडव्या झालेल्या माणसाच्या उंचीपेक्षा थोडे अधिक अंतर. तेवढ्या अंतरावरच्या दगडावर फोकस करून मग भिंग मॅन्युअलवर टाकावे, म्हणजे अंधार पडल्यावर कॅमेरा फोकस शोधत फिरत नाही.

आता एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी किती प्रकाश घ्यायचा ते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ हे दोन्ही कायम ठेवून फक्त शटर स्पीड, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, बदलत गेले तर प्रकाश कसा उतरतो हे हाताला कळते, म्हणून पहिले काही महिने मॅन्युअल मोडमध्ये हीच रीत ठेवावी असे मी सुचवेन. बिंब क्षितिजाजवळ असताना शटर साधारण १/१२५ ते १/६० सेकंद लागते. सूर्य बुडून दहा मिनिटे झाली की ते १/१५ ते १/८ सेकंदापर्यंत येते. वीस-पंचवीस मिनिटांनी एक ते दोन सेकंद, आणि अर्ध्या तासाने सात-आठ सेकंद. हे आकडे ढगांप्रमाणे मागेपुढे होतात, तेव्हा प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्रॅम, म्हणजे चित्रातले गडद ते उजळ भाग डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख, पाहावा आणि त्यातला उजवीकडचा भाग कडेला आपटत असेल तर शटर वेगवान करावे. लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे आलेख दाखवण्याची सोय असेल तर लालवर नजर ठेवावी, कारण सूर्यास्तात तोच सर्वांत आधी कडेला जातो आणि ढगांतले तपशील जाऊन सपाट नारिंगी डाग उरतो. खुद्द बिंब पांढरे पडले तर त्याची काळजी करू नये.

फोटो रॉ प्रकारात, म्हणजे सेन्सरवरच्या मूळ नोंदीच्या स्वरूपात, घ्यावेत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर असेल तर कॅमेरा तांबूसपणा हा दोष समजून तो काढून टाकतो. म्हणून तो डेलाइटवर ठेवावा. शटर अर्ध्या सेकंदाहून संथ झाले की बोटाचा धक्कासुद्धा दिसतो, तेव्हा दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि ट्रायपॉडवर असताना भिंगातले कंप रोखण्याचे बटण बंद ठेवावे.

बिंब मोठे का येत नाही, असे जवळजवळ प्रत्येक नवशिक्या विचारतो. आकाशात सूर्याचा व्यास केवळ अर्धा अंश असतो आणि सेन्सरवरची त्याची प्रतिमा भिंगाच्या केंद्रांतराच्या, म्हणजे भिंगावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, साधारण १०९ व्या भागाएवढी पडते. १८ मिलिमीटरच्या भिंगात ती मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढी होते, तर २०० मिलिमीटरच्या भिंगात १.८ मिलिमीटर. मोठ्या गोळ्यापुढे मनोरा किंवा होडी हवी असेल तर लांब भिंग लावून त्या वस्तूपासून पुष्कळ मागे जावे लागते. रुंद, म्हणजे मोठा देखावा चौकटीत मावणारे भिंग असेल तर सूर्य लहानच येणार हे मान्य करून त्याला खांबाच्या किंवा फांदीच्या कडेशी अर्धवट लपवावे आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ करावे. त्याचे किरण ताऱ्यासारखे फुटतात.

पाणी आणि प्रतिबिंब

तळ्यावर जाण्याचे खरे कारण पाणी हेच आहे, म्हणून त्याचे वागणे सावकाश समजून घ्यावे. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितका पाण्याचा पृष्ठभाग चपट्या कोनातून दिसतो आणि तितके प्रतिबिंब उजळ व भरघोस येते. उभे राहून पायाशी पाहिले तर तळाचा गाळ दिसतो. तेथेच गुडघ्यावर बसले की त्या जागी आकाश दिसू लागते. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा फूटभर उंचीवर आणला तर पावसानंतर पायऱ्यांवर साचलेले एवढेसे डबकेही तळ्याइतके काम देते.

पाण्यावर बारीक तरंग असतील तर बिंबाचे प्रतिबिंब मोडते आणि त्याचा लांब सोनेरी पट्टा आपल्या पायांपर्यंत येतो. पाणी पूर्ण स्थिर असेल तर तेथे दुसरे बिंब दिसते. दोन्ही चांगले. मधली स्थिती, म्हणजे थोडा वारा आणि तुटक तरंग, तेवढी त्रासदायक; तेव्हा शटर काही सेकंद उघडे राहील इतका अंधार होऊ द्यावा, म्हणजे तरंग आपोआप गुळगुळीत होतात. सूर्य बुडाल्यावर वारा बऱ्याचदा पडतो, आणि प्रतिबिंबासाठी थांबण्याचे ते आणखी एक कारण.

प्रतिबिंब नेहमी मूळ आकाशापेक्षा थोडे गडद असते. पुढे कधी वरचा भाग काळा असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर घेतला, किंवा संगणकावर आकाश गडद केले, तर पाण्यातले आकाश वरच्या आकाशापेक्षा उजळ होणार नाही याची काळजी घ्यावी. तसे झालेले चित्र पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याला कळते. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिरता फिल्टर, सूर्याकडे तोंड असताना जवळजवळ निरुपयोगी ठरतो; त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात, म्हणजे संध्याकाळी उत्तरेला वा दक्षिणेला पाहताना सर्वाधिक होतो, आणि बेताने फिरवला नाही तर तो नेमके हवे असलेले प्रतिबिंबच पुसून टाकतो.

केंदाळ आले असेल तर त्याचा राग करून परत फिरू नये. हिरव्या थरात जेथे पाण्याची वाट मोकळी राहिली आहे ती वाट शोधावी आणि तिच्यात आकाश पकडावे. तळ्याची खरी अवस्था चित्रात येण्यात गैर काही नाही.

एकदा तरी मागे वळून पाहावे. बिंब बुडाल्यावर काही मिनिटांत पूर्वेच्या क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी छटा असते. तो पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीचीच सावली. पौर्णिमेच्या संध्याकाळी त्याच सुमारास चंद्र वर येतो, आणि पूर्व काठावरची घरे, दिवे व चंद्र एका चौकटीत हवे असतील तर त्या दिवशी मुद्दाम पश्चिमेच्या काठावर जाऊन उभे राहावे.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी

मोबाइलने उत्तम काम होते, फक्त त्याला आपल्या मनाप्रमाणे वागू देऊ नये. पडद्यावर सूर्याशेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाश दोन्ही जागच्या जागी थांबतात. मग शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढून चित्र थोडे गडद करावे. असे केले नाही तर मोबाइल काळे आकार उजळण्याच्या नादात सारे करडे करून टाकतो. मुख्य भिंगच वापरावे, बोटांनी ताणून झूम करू नये, आणि अंधारल्यावर नाइट मोड लावून मोबाइल कठड्यावर टेकवावा. प्रो मोडमध्ये रॉची सोय असेल तर ती सुरू करावी.

काठावरचे वागणे

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणारी, व्यायाम करणारी, मुलांना घेऊन आलेली माणसे असतात, आणि पदपथ त्यांचा आहे. ट्रायपॉडचे पाय वाटेत पसरू नयेत. दूरवरची काळी आकृती चित्रात आली तर कोणाची हरकत नसते, पण चेहरा ओळखू येत असेल तर विचारावे, आणि लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना विचारावेच. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहत मागे सरकण्याची सवय लावून घेऊ नये. गणेश विसर्जनाच्या काळात किंवा मोठ्या गर्दीच्या दिवशी ट्रायपॉड न नेलेलाच बरा.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो निवडायला बसू नये. डोळ्यांपुढचे आकाश ताजे असते आणि प्रत्येक फोटोत तेच दिसते. दोन दिवसांनी पाहिले की बरेचसे आपोआप गळतात. उरलेल्यांतून एका संध्याकाळचा एकच ठेवण्याचा प्रयत्न करावा.

संस्करणासाठी मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर डार्कटेबल ही दोन्ही मोफत आहेत. आधी क्षितिज प्रतिबिंबाच्या खुणेने तपासावे, मग उजळ भाग थोडा खाली आणि सावल्या अगदी किंचित वर घ्याव्यात. काळे आकार काळेच राहू द्यावेत. रंगांची तीव्रता वाढवण्याच्या पट्टीला शक्यतो हात लावू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे जांभळे-नारिंगी सूर्यास्त पाहून आपला फोटो फिका वाटू लागतो, पण तो फिकेपणा बहुधा त्या संध्याकाळचा खरा रंग असतो. एफ/१६ ला काढलेल्या फोटोंत सेन्सरवरच्या धुळीचे करडे ठिपके आकाशात दिसतात, ते शोधून पुसावेत.

प्रत्येक निवडलेल्या फोटोबरोबर तारीख, उभे राहण्याची जागा, सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी काढला आणि ढग कसे होते, एवढे चार शब्द लिहून ठेवावेत. वर्षभरात त्या नोंदींतून आपल्या तळ्याचे असे वेळापत्रक तयार होते, जे कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

शेवटी, सहा महिन्यांतून एखादा फोटो छापून घ्यावा. १२ बाय ८ इंचांच्या छपाईला ३६०० बाय २४०० पिक्सेल, म्हणजे नऊ मेगापिक्सेलहूनही कमी पुरतात, तेव्हा जुना कॅमेराही चालतो. पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवून संस्करण केले असेल तर छापील फोटो हमखास काळवंडलेला येतो. म्हणून छपाईसाठी फाइल पाठवण्याआधी पडदा निम्म्या प्रखरतेवर आणून चित्र पुन्हा पाहावे, गरज वाटल्यास थोडे उजळ करावे, आणि पहिल्या खेपेस मॅट कागदावर छोटी प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात तपासावी.